चार दाण्यांचा नियम आणि धुंदलवाडीची जमीन

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत एक प्रश्न सतत विचारला जातो : ‘आता थांबलं का?’ विचारणारा कधी शेतकरी असतो, कधी शिक्षक, कधी एसटीत शेजारी बसलेली बाई. प्रश्न भूकंपाचा आहे. धुंदलवाडीच्या परिसरात त्या महिन्यात जमीन हलू लागली आणि मग हलतच राहिली. जमिनीखालून गुरगुर ऐकू येई, भांडी वाजत, भिंतींना चिरा पडत. लोक थंडीत अंगणात आणि तंबूंत झोपले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घराबाहेर पळण्याच्या गडबडीत पडून एका लहान मुलीचा जीव गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने या भागात भूकंपमापक बसवले. यंत्रांनी हजारो सूक्ष्म धक्के नोंदले. त्यांतले बहुतेक माणसाला कळलेही नाहीत. अधूनमधून महिनोन्महिने शांतता असते आणि मग तो प्रश्न पुन्हा येतो.

या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. जमीन हलत नाही म्हणजे ती स्थिर झाली आणि स्थिर झाली म्हणजे धोका टळला, असे आपण धरून चालतो. या लेखात मला ‘स्थिर’ या शब्दाचाच थोडा तपास करायचा आहे. त्यासाठी मी गणितातल्या एका खेळाचा आधार घेणार आहे. या खेळाचा पाया अमेरिकेत घातला गेला, पण त्याचे सर्वांत खोल गणित मुंबईत, कुलाब्याला झाले. मी भूकंपशास्त्रज्ञ नाही आणि गणिताची पदवीही माझ्याकडे नाही. वाणिज्य शाखेत शिकलो, छपाईच्या धंद्यात वाढलो आणि गणित ग्रंथालयांतून व जुन्या नियतकालिकांतून उचलले. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते सर्व वाचकाला कागद, पेन्सिल आणि मूठभर चिंचोके घेऊन पडताळून पाहता येईल, एवढी काळजी घेतली आहे.

घरांचा पट

बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोनी घरांचा पट डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक घराची एक अवस्था असते : रिकामे किंवा भरलेले, अथवा एक दाणा, दोन दाणे असे काही. प्रत्येक घर फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे पाहते आणि ठरलेल्या नियमाने आपली पुढची अवस्था ठरवते. सर्व घरांना एकच नियम, वर कोणी मालक नाही. अशा व्यवस्थेला सेल्युलर ऑटोमॅटन म्हणतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जॉन फॉन नॉयमन यांनी स्टॅनिस्लॉ उलाम यांच्या सूचनेवरून या कल्पनेला आकार दिला. स्वतःची प्रत गणिताने घडवू शकणारे यंत्र त्यांना हवे होते.

हा खेळ सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचला तो ऑक्टोबर १९७० मध्ये. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात जॉन कॉन्वे यांचा ‘लाइफ’ हा खेळ मांडला. नियम तीन ओळींचे आहेत. प्रत्येक घराला तिरपे धरून आठ शेजारी. भरलेल्या घराला दोन किंवा तीन भरलेले शेजारी असतील तर ते भरलेले राहते, नाहीतर रिकामे होते. रिकाम्या घराला बरोबर तीन भरलेले शेजारी असतील तर ते भरते. सर्व घरे एकाच वेळी बदलतात आणि या बदलाला एक पिढी म्हणतात.

आता दोन बाय दोनचा ठोकळा मांडा, चार चिंचोके एकमेकांना चिकटून. प्रत्येकाला तीन शेजारी आहेत, म्हणून चारही टिकतात. बाहेरच्या कोणत्याही रिकाम्या घराला दोनपेक्षा जास्त भरलेले शेजारी नाहीत, म्हणून नवे काही उगवत नाही. ठोकळा पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. अशा आकृतीला स्थिरचित्र म्हणायला हरकत नाही.

पण ही स्थिरता कसली आहे ते थोडे ढकलून पाहा. ठोकळ्यातला एक चिंचोका काढून घ्या. उरलेल्या तिघांनाही दोन-दोन शेजारी आहेत, म्हणून ते टिकतात. रिकाम्या झालेल्या कोपऱ्याला बरोबर तीन शेजारी आहेत, म्हणून तो भरतो. एका पिढीत ठोकळा पूर्ववत होतो. आता उलट करा. ठोकळ्याच्या कडेला, एका चिंचोक्याला सरळ रेषेत चिकटून, पाचवा चिंचोका ठेवा. पहिल्या पिढीनंतर पाच चिंचोकेच दिसतील, पण आकार मोडलेला असेल. दुसऱ्या पिढीनंतर तीन, तिसरीनंतर दोन उरतील आणि चौथ्या पिढीत पट रिकामा होईल. हीच आकृती एक काढला तर स्वतःला सावरते आणि एक वाढवला तर नाहीशी होते. ‘न बदलणे’ आणि ‘धक्का सोसणे’ हे दोन वेगळे गुण आहेत, हे इथे चार चिंचोक्यांत दिसते.

डहाणूत जन्मलेले एक गणिती

स्थिरतेचा तिसराही एक प्रकार आहे. तो दाखवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूतच झाला. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९३० ते १९६२ ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली नोकरी नाही. अनेक विद्वानांना त्यांचे काम क्षुल्लक वाटे. १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म सांगितला. पुढे मार्च १९७५ मध्ये त्याच गार्डनर यांनी त्याच सदरात कापरेकरांच्या संख्यांविषयी लिहिले आणि ते जगाला ठाऊक झाले.

चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा हेच करा. कापरेकरांचे जन्मवर्ष घेऊ : ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. तिथे ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च येते. कोणतीही संख्या घेतली तरी सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. म्हणजे कापरेकरांच्या जन्मवर्षाला सर्वांत लांबचा रस्ता मिळाला. त्यांचे निधन १९८६ साली झाले. त्या वर्षावर हीच क्रिया केली तर पहिल्याच पायरीला ८१७२ येते आणि पुढे जन्मवर्षाचीच वाट लागते.

६१७४ नुसती स्थिर नाही, ती सर्वांना आपल्याकडे ओढते. तिच्यापासून कितीही दूर गेलात तरी परत तिथेच याल. आपण रोजच्या बोलण्यात ‘स्थिर’ म्हणतो तेव्हा बहुधा हेच चित्र मनात असते : गडबड होईल, पण शेवटी सगळे ठरलेल्या जागी येऊन बसेल. धुंदलवाडीचा प्रश्न विचारणाऱ्याला हेच उत्तर हवे असते. जमिनीला शोभणारे चित्र मात्र वेगळे आहे.

चार दाणे झाले की

१९८७ मध्ये पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट वीझनफेल्ड या तिघांनी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतून वाळूच्या ढिगाचा एक ऑटोमॅटन मांडला. पटाच्या प्रत्येक घरात काही दाणे. तीनपर्यंत दाणे असतील तर घर स्थिर. चार झाले की ते घर ओसंडते : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे प्रत्येकी एक दाणा देऊन टाकते. त्यामुळे शेजारच्या घरात चार झाले तर तेही ओसंडते. काठावरचे घर ओसंडले की एक-दोन दाणे पटाबाहेर पडतात आणि खेळातून जातात. सर्व घरे पुन्हा तीनच्या आत आली की घसरण संपली. मग कुठेतरी आणखी एक दाणा टाकायचा.

सर्वांत लहान नमुना दोन बाय दोनचा, म्हणजे चार घरे. प्रत्येक घराचे दोन शेजारी पटावर आहेत आणि दोन बाजू बाहेर उघड्या. प्रत्येक घरात दोन दाणे ठेवा. कुठेही एक दाणा टाका, एका घरात तीन होतील, बाकी काही घडणार नाही. आता प्रत्येक घरात तीन दाणे ठेवा आणि एका कोपऱ्यात एक टाका. तो कोपरा ओसंडतो, त्यामुळे त्याचे दोन्ही शेजारी ओसंडतात, त्यामुळे समोरचा कोपराही ओसंडतो. सगळे शांत झाल्यावर पटावर तेरापैकी फक्त पाच दाणे उरतात, आठ बाहेर पडलेले असतात.

दाणा टाकण्यापूर्वी दोन्ही पट सारखेच शांत होते. दोन्ही नियमाप्रमाणे स्थिर होते. दूरून पाहणाऱ्याला, घरांत डोकावता न येणाऱ्याला, दोहोंत काही फरक दिसला नसता.

कुलाब्यातले उत्तर

हा ढीग संगणकावर चालवून पाहणे सोपे होते, पण त्याच्याविषयी काही सिद्ध करणे अवघड. ते काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले दीपक धर यांनी केले. १९९० साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाने या प्रारूपाला भक्कम गणिती पाया दिला. २०२२ चे बोल्ट्झमान पदक त्यांना मिळाले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या कामातले तीन मुद्दे इथे जरा सावकाश सांगतो.

पहिला मुद्दा क्रमाचा. एकाच वेळी दोन घरांत चार-चार दाणे झाले तर आधी कोणते ओसंडू द्यायचे? धर यांनी दाखवले की कोणतेही आधी घ्या, शेवटचे चित्र एकच येते. इतकेच नव्हे, दाणे कोणत्या क्रमाने टाकले यानेही शेवटच्या चित्रात फरक पडत नाही. दोन अधिक तीन आणि तीन अधिक दोन सारखेच, तशी ही गोष्ट आहे. तलासरीजवळच्या एका पाड्यावर मुलांबरोबर मी हे करून पाहिले. सारवलेल्या अंगणात खडूने पाच बाय पाचचे दोन पट आखले. दोन्हींवर चिंचोक्यांची मांडणी सारखी. एका गटाने वरून खाली ओसंडवायला सुरुवात केली, दुसऱ्याने मनाला येईल तशी. मधली चित्रे अगदी वेगळी दिसत होती, दोन्ही गट एकमेकांना ‘चुकलात’ म्हणत होते. शेवटी एका मुलीने दोन्ही पट घरागणिक मोजले आणि म्हणाली, ‘काका, आमचा आणि त्यांचा सारखाच आला.’ मग तिने बाहेर पडलेले चिंचोकेही मोजले. तेही सारखेच होते.

दुसरा मुद्दा परत येण्याचा. दोन बाय दोनच्या पटावर एकूण किती स्थिर मांडण्या आहेत? प्रत्येक घरात शून्य ते तीन, म्हणजे चार शक्यता, चार घरे, एकूण २५६. पण ढीग बराच काळ चालू ठेवला तर या सगळ्या परत परत दिसत नाहीत. फक्त १९२ दिसत राहतात. उरलेल्या ६४ एकदा मागे पडल्या की पुन्हा कधी येत नाहीत. तीन बाय तीनच्या पटावर एकूण २,६२,१४४ स्थिर मांडण्यांपैकी १,००,३५२ परतणाऱ्या आहेत.

एखादी मांडणी का परतत नाही, त्याचे एक साधे उदाहरण पाहा. शेजारशेजारची दोन घरे रिकामी आहेत, अशी मांडणी एकदा मोडली की पुन्हा येऊ शकत नाही. भरलेले घर रिकामे होते ते ओसंडूनच आणि ओसंडताना ते शेजाऱ्याला एक दाणा देते. मग शेजारी रिकामा व्हायचा तर त्यालाही ओसंडावे लागेल आणि तो पहिल्याला एक दाणा परत देईल. दोघे एकाच वेळी रिकामे राहणे शक्यच नाही. या दोन घरांच्या व्यवहारात ढिगाचा एक प्रकारचा इतिहास साठलेला असतो. पट पाहून सांगता येते की हा ढीग जुना आहे की नुकताच मांडलेला.

धर यांच्या सिद्धान्तातला पुढचा भाग आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दाणे यदृच्छेने पडत राहिले तर परतणाऱ्या सर्व मांडण्या सारख्याच संभाव्य असतात. म्हणजे दोन बाय दोनच्या जुन्या ढिगाकडे एखाद्या शांत क्षणी पाहिले, तर तो ‘सगळीकडे दोन’ या सुरक्षित अवस्थेत असण्याची शक्यता १९२ पैकी एक आणि ‘सगळीकडे तीन’ या काठावरच्या अवस्थेत असण्याचीही १९२ पैकी एक. शांतता दोघींपैकी कुणाची बाजू घेत नाही.

तिसरा मुद्दा मला सर्वांत सुंदर वाटतो. शाळेत आपण शिकलो की बेरजेचा अविकारक शून्य आहे, कारण शून्य मिळवल्याने संख्या बदलत नाही. दोन मांडण्यांची बेरीज म्हणजे घराघरांतले दाणे एकत्र करायचे आणि सगळे शांत होईपर्यंत ओसंडू द्यायचे. परतणाऱ्या मांडण्यांमध्ये या बेरजेलाही बरोबर एक अविकारक असतो. पण तो रिकामा पट नसतो, कारण रिकामा पट परतणाऱ्यांपैकी नाही. दोन बाय दोनसाठी तो आहे सगळीकडे दोन. पडताळा सोपा आहे : दोन अधिक दोन म्हणजे सगळीकडे चार, चारही घरे एकेकदा ओसंडतात, प्रत्येक घर चार देते आणि दोन मिळवते, पुन्हा सगळीकडे दोन. तीन बाय तीनसाठी तो असा :

२ १ २
१ ० १
२ १ २

याची दुप्पट करून ओसंडवून पाहा. कोपरे ओसंडतात, मग बाजूंची मधली घरे, मग मध्यघर, आणि पट जसाच्या तसा उभा राहतो. प्रत्येक घर नेमके एकदा ओसंडलेले असते. पाहणाऱ्याला वाटेल काहीच घडले नाही. घडले मात्र पुष्कळ. मोठ्या पटांवरचे अविकारक संगणकाने रंगवले की गालिच्यासारखी, त्रिकोण-चौकोनांनी भरलेली चित्रे दिसतात. ती अशी का दिसतात याचे पूर्ण गणित अजून हाती आलेले नाही.

ढिगाच्या चित्रांचा विषय निघालाच आहे तर एक जोड. पटाच्या मध्यावर एकाच घरात हजारो दाणे टाकत गेले तर जी स्थिर आकृती पसरते, तिचा अभ्यास धर यांनी त्रिदीब साधू आणि समर्थ चंद्र यांच्यासह केला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केला. दाणे वाढवले की आकृती मोठी होते, पण तिचे सर्व भाग एकाच प्रमाणात वाढतात, जसे लहान मूल वाढताना हात, पाय, डोके प्रमाण राखून वाढतात. कुठेही नकाशा नसताना, प्रत्येक घर फक्त चार शेजाऱ्यांना ओळखत असताना, हे प्रमाण राखले जाते. ठिपक्यांची रांगोळी काढणारीला सगळी रांगोळी डोळ्यांपुढे ठेवावी लागते, इथे ठिपकेच आपापसात ठरवतात.

ढिगाकडून जमिनीकडे

भूकंपाचा याच्याशी संबंध काय? भूगर्भातल्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून अडकलेल्या असतात. ताण हळूहळू साठतो. एका जागी घर्षणाची मर्यादा ओलांडली की तो भाग सटकतो आणि त्याचा ताण शेजारच्या भागांवर जातो. तेही काठावर असतील तर सटकतात. घर, मर्यादा, ओसंडणे, शेजारी, सगळे इथे आहे. बाक आणि तांग यांनी १९८९ मध्ये हे साम्य मांडले आणि १९९२ मध्ये ओलामी, फेडर व क्रिस्टेन्सन यांनी भूकंपासाठी अधिक जुळणारा ऑटोमॅटन तयार केला. त्यात सटकताना ताणाचा काही भाग वाटेतच नष्ट होतो.

साम्य नुसते दिसण्यातले नाही. बेनो गुटेनबर्ग आणि चार्ल्स रिश्टर यांनी १९४० च्या दशकात दाखवले की भूकंपांची तीव्रता एकाने वाढली की त्यांची संख्या साधारण दहापट कमी होते. ४ तीव्रतेच्या एका धक्क्यामागे ३ चे सुमारे दहा, २ चे सुमारे शंभर. लहान पुष्कळ, मोठे थोडे, पण ‘एवढाच, याहून मोठा नाही’ अशी स्पष्ट रेघ कुठे नाही. दाण्यांच्या ढिगातही सर्व आकारांच्या घसरणी होतात, लहान पुष्कळ, मोठ्या थोड्या. लहान घसरणीचे आणि मोठ्या घसरणीचे कारण मात्र एकच असते : एक दाणा. मोठ्या घसरणीसाठी मोठा दाणा लागत नाही.

इथे सावध राहायला हवे. खऱ्या वाळूचे ढीग प्रयोगशाळेत या प्रारूपाप्रमाणे वागले नाहीत. १९९६ मध्ये ऑस्लोच्या संशोधकांनी तांदळाचे ढीग तपासले. लांब दाण्याचा तांदूळ प्रारूपाच्या जवळ वागला, आखूड, गोलसर दाण्याचा वागला नाही. दाण्याच्या आकारासारखी बारीक गोष्ट सगळे चित्र बदलते. धुंदलवाडीच्या जमिनीबाबत तर ढिगात नसलेली एक गोष्ट आहे : पाणी. पावसाचे पाणी खडकांच्या फटींत मुरते, तिथला दाब बदलतो आणि अडकलेल्या भेगा सुटतात, असे एक स्पष्टीकरण अशा धक्क्यांच्या मालिकांसाठी अभ्यासक देतात. शिवाय आपल्याकडे एक मोठा धक्का आणि मागून लहान असे झाले नाही. लहानमोठ्यांची झुंडच आली. चार दाण्यांचा नियम म्हणजे डहाणूच्या भूगर्भाचे वर्णन नव्हे.

मग तो काय देतो? काही शब्द नीट वापरायला शिकवतो. रात्री हलले नाही म्हणजे जमीन त्या क्षणी स्थिर आहे, एवढेच. ती ‘सगळीकडे दोन’ आहे की ‘सगळीकडे तीन’, हे शांततेवरून कळत नाही. लहान धक्के बसून गेले म्हणजे ताण ‘निघून गेला’, असे आमच्याकडे अनेकजण एकमेकांना धीर देताना म्हणतात. ढिगात काही लहान घसरणी दाणे बाहेर टाकतात, तर काही फक्त दाण्यांची जागा बदलतात आणि शेजारचे घर काठावर आणून ठेवतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. किल्लारीला १९९२ मध्ये लहान धक्के जाणवले होते, मग शांतता झाली आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे मेली. उलट जगात अशा कितीतरी झुंडी आल्या आणि काही न होता विरल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोहोंपैकी एकच सांगणारा माणूस आपल्याला फसवतो आहे.

तारीख-वार सांगून भूकंपाचे भाकीत करणारे संदेश तर दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरतात. रॉबर्ट गेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ठामपणे लिहिले की भूकंपांचे असे भाकीत करता येत नाही. त्यांच्या युक्तिवादात या काठावरच्या ढिगांचाही आधार होता. सर्वच शास्त्रज्ञांना तो युक्तिवाद तितक्या टोकापर्यंत मान्य नाही. पण पटावरचा अनुभव एवढे नक्की सांगतो : नियम संपूर्ण ठाऊक असला, तो चार ओळींत मावणारा असला, तरी पुढची घसरण किती मोठी होईल हे सांगायला प्रत्येक घरातले दाणे मोजावे लागतात. धुंदलवाडीखालची घरे कोणी मोजलेली नाहीत आणि दाणे कुठे, केव्हा पडतात हेही दिसत नाही. तरीही ज्याला तारीख ठाऊक आहे, त्याला ती कशावरून ठाऊक आहे, हे विचारायला हवे.

लोक यावर विचारतात, मग या गणिताचा उपयोग काय? उपयोग असा की प्रश्न बदलतो. जमिनीची मांडणी आपल्या हातात नाही आणि ती वाचताही येत नाही. घराची मांडणी मात्र वाचता येते. कारवीच्या कुडाचे, मातीने लिंपलेले जुने वारली घर हलके असते. ते हलते, वाकते आणि पडले तरी अंगावर भार कमी येतो. गेल्या काही दशकांत त्या जागी विटांच्या भिंती आल्या. त्यांतल्या कित्येकांना कोपऱ्यांत बांधणी नाही, खिडकीच्या वर आडवा पट्टा नाही. २०१८ नंतर ज्या भिंतींना चिरा पडल्या त्यांपैकी काहींवर नुसता गिलावा फिरवला गेला आहे. बाहेरून त्या आता सरळ, गुळगुळीत आणि शांत दिसतात. आत तीन दाणे आहेत की दोन, हे पाहायचे असेल तर गिलावा खरवडून चीर किती खोल गेली आहे ते पाहावे लागते. ते काम गवंडी करू शकतो, पंचायत करून घेऊ शकते आणि शाळेच्या इमारतीपासून सुरुवात करता येते. ‘थांबलं का?’ या प्रश्नाला आज कोणाकडेच उत्तर नाही. ‘या भिंतीला पट्टा आहे का?’ या प्रश्नाला मात्र आहे आणि ते शांततेच्या महिन्यांतच शोधता येते.